केळीच्या काट्यावर जुना पामटॉप: प्रकल्प नोंदी

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

सावदा आणि रावेर यांच्या दरम्यान असलेल्या आमच्या गावात शेतकरी गटाचे केळी संकलन केंद्र आहे. तेथील ३०० किलोच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर दिसणारा आकडा आजवर माणसाने वाचायचा, तोंडाने पुकारायचा आणि दुसऱ्याने वहीत लिहायचा अशी पद्धत चालत आली आहे. मागच्या हंगामात एका वयस्कर शेतकऱ्याच्या मालाचे वजन १८६.३ ऐवजी १६८.३ असे लिहिले गेले. त्यांनी आकडा मनात धरून ठेवला होता म्हणून चूक उघड झाली आणि १८ किलोचे पैसे त्यांना मिळाले. हे कोणी मुद्दाम केले नव्हते. दिवसभर आकडे लिहिणाऱ्या हाताकडून आठ आणि सहा यांची अदलाबदल होतेच. ज्यांनी आकडा मनात धरला नव्हता अशा लोकांचे काय झाले असेल, हा प्रश्न मात्र तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेला नाही.

म्हणून या कामाचा हेतू एवढाच ठरवला आहे की काट्याने जो आकडा दाखवला तोच, मध्ये कोणाचाही कान किंवा हात न लागता, नोंदीत उतरावा. काट्याच्या इंडिकेटरला, म्हणजे आकडा दाखवणाऱ्या पेटीला, मागच्या बाजूस नऊ पिनांचे सीरियल पोर्ट, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणारी जोडणी, आहे. पूर्वी त्याला एक संगणक जोडलेला होता, परंतु दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात वीज कडाडली त्या रात्री त्या संगणकाचे पोर्ट जळाले आणि तेव्हापासून ते कनेक्टर धूळ खात पडले आहे. इंडिकेटरचे पोर्ट शाबूत आहे की नाही, हे आधी पाहावे लागेल.

एक मर्यादा सुरुवातीलाच लिहून ठेवतो. काट्याला वैधमापनशास्त्र विभागाचे सील आहे आणि या इंडिकेटरमध्ये सीरियल पोर्टची सेटिंगसुद्धा त्याच सीलबंद झाकणामागच्या बटणाने बदलते. त्यामुळे आतले काहीही बदलायचे नाही. काटा जे बोलतो ते, ज्या वेगाने आणि ज्या पद्धतीने बोलतो तसेच, बाहेरून ऐकायचे.

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

ऐकणारे यंत्र कोणते घ्यावे, यावर दोन दिवस विचार केला. नवा संगणक शेडमधल्या धुळीत आणि जाणाऱ्या-येणाऱ्या विजेवर ठेवण्याची माझी इच्छा नाही. मोबाइलला अडॅप्टर लावून एकदा प्रयत्न करून पाहिला होता, पण ते छोटे कनेक्टर घडांच्या ओढाताणीत सैल पडत होते आणि ऐन वजनाच्या वेळी फोन येत होते.

माझ्याकडे दोन जुनी हातातली यंत्रे आहेत. पहिले पाम थ्री एक्सई. हे २००० सालचे असून त्याला ८ एमबी मेमरी आणि दोन लहान पेन्सिल सेल लागतात. दुसरे एचपी २०० एलएक्स, जे माझ्या मामेभावाने नव्वदच्या दशकात परदेशातून आणले होते आणि नंतर मला देऊन टाकले. हा पामटॉप, म्हणजे तळहातावर मावणारा संगणक, १९९४ साली बाजारात आला. त्यात डॉस ५.० ही संगणक चालवणारी प्रणाली कायमस्वरूपी चिपमध्ये बसवलेली आहे, पडदा ६४० बाय २०० ठिपक्यांचा आहे, त्यावर ८० अक्षरांच्या २५ ओळी मावतात, आणि तो दोन साध्या पेन्सिल सेलवर चालतो. दोन्ही यंत्रांना खरेखुरे सीरियल पोर्ट आहे. सुदैवाने दोघांच्या मूळ केबली मी जपून ठेवल्या आहेत, कारण एलएक्सचा दहा पिनांचा खास कनेक्टर आता जळगावच्या गोलाणी मार्केटमध्येच काय, कोठेही सहज मिळणार नाही.

दोन्ही यंत्रांच्या पडद्यांचा मला सर्वांत मोठा उपयोग वाटतो तो असा की ते उन्हात अधिक स्पष्ट दिसतात. आपला आकडा शेतकऱ्याला उभ्या जागी वाचता आला पाहिजे.

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

आज मल्टिमीटर घेऊन केंद्रावर गेलो. आरएस-२३२ हे सीरियल पोर्टचे मानक. त्याच्या तारेवर काहीही बोलणे चालू नसते तेव्हाही ती शून्यावर नसते. १९६९ च्या आरएस-२३२-सी या मानकाप्रमाणे एक या बिटासाठी उणे ३ ते उणे १५ व्होल्ट आणि शून्य या बिटासाठी अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट धरतात. विश्रांतीतली तार उणे बाजूस असते. म्हणजे ज्या पिनेवर स्थिर उणे व्होल्टेज मिळते ती बोलणारी पिन, एवढे कळले की निम्मे काम झाले.

इंडिकेटरच्या पाच नंबरच्या, म्हणजे समाईक जमिनीच्या, पिनेला काळी काडी लावून दोन नंबरवर लाल काडी टेकवली तेव्हा मीटर उणे ८ व्होल्टच्या आसपास थरथरत राहिला. तीन नंबरवर काहीच नव्हते. याचा अर्थ पोर्ट शाबूत आहे, तो दोन नंबरवरून बोलतो, आणि मीटर थरथरतो आहे त्याअर्थी तो सतत काहीतरी पाठवतो आहे.

त्यानंतर पामचा पाळणा (पाम ज्यात उभा ठेवून केबलला जोडतात ती बैठक) आणि एलएक्सची केबल तपासली. सुरुवातीला दोन्हींवर शून्य आले आणि दोन्ही पोर्टे मेली असावीत असे वाटून मन खट्टू झाले. नंतर लक्षात आले की सेल वाचवण्यासाठी ही यंत्रे पोर्टला वीजच देत नाहीत. एखादा प्रोग्राम पोर्ट उघडतो तेव्हाच ते जागे होते. पोर्टवर आलेली अक्षरे पडद्यावर दाखवणारा टर्मिनल प्रोग्राम सुरू करून पुन्हा मोजले, तर दोघांच्याही दोन नंबरवर उणे व्होल्टेज आले.

येथेच खरा अडथळा समजला. या केबली संगणकात थेट खोचता याव्यात म्हणून बनवलेल्या आहेत. संगणक तीन नंबरवर बोलतो आणि दोन नंबरवर ऐकतो, म्हणून यांच्या केबली दोन नंबरवर बोलतात. काटाही दोन नंबरवरच बोलतो. दोघे एकमेकांकडे तोंड करून एकाच तारेवर बोलणार आणि ऐकणारे कोणीच नसणार. शिवाय दोन्हीकडची कनेक्टरे मादी आहेत, त्यामुळे ती एकमेकांत जातच नाहीत. ती गेली नाहीत तेच बरे, कारण गेली असती तर मी तास-दोन तास सेटिंगमध्ये चूक शोधत बसलो असतो.

भुसावळहून दोन नर कनेक्टरे आणून मधली उलट केबल बनवली. एकीकडची दोन दुसरीकडच्या तीनला, तीन दोनला आणि पाच पाचला जोडली. शिवाय दोन्ही टोकांना सात-आठ एकमेकांत आणि एक-चार-सहा एकमेकांत जोडून टाकल्या, म्हणजे एखादा प्रोग्राम समोरच्याच्या होकाराची वाट पाहत अडून बसला तर त्याला आपलाच होकार परत मिळेल.

२३ फेब्रुवारी २०२५, रविवार

आजचा दिवस सविस्तर लिहितो, कारण आज जे दिसले ते ओळखता आले नसते तर हा प्रकल्प येथेच संपला असता.

इंडिकेटरची पुस्तिका हरवलेली आहे. त्यामुळे वेग अंदाजाने शोधावा लागला. एलएक्समध्ये सोबत येणारा डेटाकॉम हा टर्मिनल प्रोग्राम सेकंदाला ९६०० बिट या वेगावर, आठ बिट, पॅरिटी (चूक ओळखण्यासाठी जोडलेला तपासणीचा बिट) नाही, अशा नेहमीच्या सेटिंगने उघडला, तर पडद्यावर निव्वळ कचरा आला. ४८०० वर तसेच. २४०० वर मात्र एकदम वाचता येण्यासारखे काही दिसू लागले. रिकाम्या काट्यावर अधिकचे चिन्ह आणि त्यापुढे शून्य शून्य शून्य शून्य शून्य पॉइंट शून्य असा आकडा स्वच्छ येत होता. आकड्याच्या आजूबाजूची काही अक्षरे मात्र ठिपक्यांच्या चौकोनांसारखी आणि रेघांसारखी दिसत होती, आणि प्रत्येक नवी ओळ डावीकडून सुरू न होता आधीची ओळ जिथे संपली तिथूनच खाली सरकत होती, त्यामुळे सगळा पडदा जिन्याच्या पायऱ्यांसारखा दिसत होता. आकडा बरोबर आहे, बाकीची अक्षरे कंपनीची काही खूण असेल, असे मी गृहीत धरले.

काट्याचे काम पाहणारे नाना शेजारीच होते. त्यांनी २० किलोचे प्रमाणित वजन उचलून काट्यावर ठेवले, आणि पडद्यावरच्या दोनाच्या जागी ठिपक्यांचा चौकोन आला. नाना म्हणाले, “भाऊ, शून्य तर बरोबर दिसतं, मग दोनाला काय झालं?”

त्या एका प्रश्नाने वाट दाखवली. आम्ही वजने बदलत गेलो आणि कोणते अंक टिकतात, कोणते फुटतात, ते कागदावर मांडले. शून्य, तीन, पाच, सहा आणि नऊ हे नेहमी नीट येत होते. एक, दोन, चार, सात आणि आठ हे नेहमी फुटत होते. तारेतला गोंगाट असा निवडून अंक फोडत नाही. आस्की या अक्षरांच्या संकेतपद्धतीमध्ये प्रत्येक अंकाला सात बिटांचा संकेत आहे. शून्याच्या संकेतात दोन बिट एक असतात. तीन, पाच, सहा आणि नऊ यांत चार असतात. म्हणजे नीट येणाऱ्या सगळ्यांत ही संख्या सम आहे. एक, दोन, चार आणि आठ यांत ती तीन आहे, सातमध्ये पाच आहे, म्हणजे फुटणाऱ्या सगळ्यांत विषम आहे. काटा सात बिट आणि सम पॅरिटी या पद्धतीने पाठवत होता. विषम संख्या सम करण्यासाठी तो जो आठवा बिट एक करून जोडत होता, तो माझा पामटॉप अक्षराचाच भाग समजत होता आणि त्या अक्षराऐवजी अक्षरतक्त्याच्या वरच्या अर्ध्या भागातले चित्र काढत होता. सात बिट अधिक पॅरिटी आणि आठ बिट बिनपॅरिटी, दोन्हींत एका अक्षराला एकूण दहाच बिट लागतात, म्हणून चौकट कोठेही तुटत नव्हती आणि चूक इतकी सभ्य दिसत होती.

जिन्याचे कोडेही यातच सुटले. ओळ संपवताना काटा दोन संकेत पाठवतो, एक डावीकडे परत आणणारा आणि दुसरा खाली नेणारा. डावीकडे आणणाऱ्याच्या संकेतात तीन बिट एक असतात, म्हणून तो फुटत होता. खाली नेणाऱ्यात दोन असतात, म्हणून तो टिकत होता.

डेटाकॉममध्ये सात बिट आणि सम पॅरिटी निवडताच संपूर्ण ओळ उमटली: एसटी, स्वल्पविराम, जीएस, स्वल्पविराम, अधिक, आकडा, केजी. एसटी म्हणजे वजन स्थिर आहे, हलत असेल तर यूएस येते, आणि जीएस म्हणजे एकूण वजन. ओळ संपवणारे दोन संकेत धरून एका ओळीत १८ अक्षरे आहेत आणि सेकंदाला सुमारे दहा ओळी येतात. २४०० च्या वेगाने सेकंदाला २४० अक्षरे जाऊ शकतात, म्हणजे तार जवळजवळ तीन चतुर्थांश वेळ व्यस्त आहे.

रिकाम्या काट्यावरचे शून्य पाहून मी समाधान मानले होते, ही माझी चूक. यापुढे कोणतीही चाचणी एक ते नऊ हे सगळे अंक येतील अशा वजनांवरच करायची.

२ मार्च २०२५, रविवार

पामवर त्याच सेटिंगने टर्मिनल चालवून पाहिले. ओळी व्यवस्थित आल्या. लेखणीने पडद्यावर टेकवून काम करणे नानांनाही लवकर जमले. पण पाळण्यातल्या स्प्रिंगच्या पिना झिजल्या आहेत आणि काट्यावर घड ठेवताना टेबल हलले की संपर्क तुटतो.

९ मार्च २०२५, रविवार

पामचा विचार आज सोडला. सेल संपत आले होते. ते बदलताना एक सेल हातातून निसटून टेबलाखाली गेला, तो शोधेपर्यंत एक मिनिटाहून अधिक वेळ गेला आणि परत सुरू केल्यावर यंत्र कोरे झालेले होते. या यंत्रातले सगळे, प्रोग्रामसुद्धा, चालू मेमरीतच राहते आणि सेल काढल्यावर ते जेमतेम मिनिटभर तग धरते. चूक माझीच होती, आणि त्यात केवळ चाचणीच्या नोंदी गेल्या. परंतु जिथे लोकांच्या मालाचा हिशेब ठेवायचा तिथे एका सेलच्या निसटण्याने हिशेब जाणार असेल तर ते यंत्र मला चालणार नाही.

एलएक्समध्ये मुख्य सेलखेरीज मेमरी सांभाळणारा वेगळा बटणसेल आहे, आणि पीसी कार्डाच्या खाचेत अडॅप्टरमधून छोटे कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसते. नोंदी थेट कार्डावर लिहिल्या तर दोन्ही प्रकारचे सेल संपले तरी त्या राहतील.

२३ मार्च २०२५, रविवार

प्रोग्राम क्विकबेसिक या डॉसवरच्या प्रोग्राम-भाषेत लिहिला आणि घरच्या संगणकावर तयार करून कार्डाने एलएक्सवर नेला. पहिल्याच वेळी तो पोर्ट उघडताना अडकून थांबला. क्विकबेसिक पोर्ट उघडताना समोरच्या यंत्राच्या तयारीच्या खुणा पाहतो आणि त्या न मिळाल्यास वेळ संपल्याची चूक देऊन बाहेर पडतो. माझ्या उलट केबलमध्ये आतल्या आत जोडणी केलेली असूनही असे झाले, तेव्हा एलएक्सच्या मूळ केबलमधून सगळ्या खुणा पुढे येत नसाव्यात असा अंदाज केला. पोर्ट उघडण्याच्या ओळीत सीएस, डीएस आणि सीडी या तिन्हींपुढे शून्य लिहून तिन्ही खुणांची वाट पाहणे बंद केले आणि काम पुढे सरकले.

प्रोग्राम एवढेच करतो की खाते क्रमांक विचारतो, काट्याची एक ओळ घेतो, ती १८ अक्षरांची आहे, एसटीने सुरू होते आणि केजीने संपते हे पाहतो, आणि तारीख, वेळ, खाते क्रमांक व वजन स्वल्पविरामांनी वेगळे करून कार्डावर लिहितो. या डॉसमध्ये देवनागरी नाही. शेतकऱ्यांची नावे इंग्रजीत वेडीवाकडी लिहिण्यापेक्षा गटाच्या वहीतला खाते क्रमांकच वापरणे मला योग्य वाटले. संध्याकाळी हीच फाइल पामटॉपमधल्या लोटस १-२-३ या हिशेबाच्या तक्त्यांच्या प्रोग्राममध्ये उघडून बेरीज घेता येते.

६ एप्रिल २०२५, रविवार

काटा शेडच्या दाराशी आणि लिहिण्याचे टेबल आत, असे १२ मीटरचे अंतर आहे. जुन्या मानकात ५० फुटांची, म्हणजे सुमारे १५ मीटरची मर्यादा सांगितलेली आहे आणि २४०० हा वेग अगदी कमी आहे, म्हणून आवरण असलेली तीन तारांची केबल टाकली. ती पाण्याच्या मोटरीच्या वायरीपासून दूर, छताच्या पट्टीवरून नेली आहे. एलएक्सच्या नाजूक कनेक्टरवर ताण येऊ नये म्हणून केबल टेबलाच्या पायाला बांधून तिथे थोडी सैल वेटोळी ठेवली.

जळलेल्या संगणकाबद्दल माझे मत आता पक्के झाले आहे. काट्याचा चार्जर एका बोर्डावर आणि संगणक दुसऱ्या बोर्डावर होता. वीज पडते तेव्हा अशा दोन अर्थिंगमधला फरक सीरियल केबलच्या पाच नंबरच्या तारेतून वाट काढतो. सेलवर चालणारा पामटॉप कोणत्याही अर्थिंगला जोडलेला नाही, त्यामुळे ती वाटच बंद होते. तरीही ढग आले की केबल काढून ठेवायची, असे नानांना सांगितले आहे.

१७ एप्रिल २०२५, गुरुवार

सोमवारपासून खऱ्या मालावर चाचणी सुरू आहे. वही नेहमीप्रमाणेच चालू ठेवली असून हिशेब वहीप्रमाणेच होतो. संध्याकाळी दोन्ही ताडून पाहायचे असे ठरले होते.

आज ताडताना अंगावर काटा आला. वहीत एका खात्याला १४२.६ लिहिले आहे आणि माझ्या फाइलीत ९७.४. त्याच्या आधीच्या खात्याचे वजनसुद्धा ९७.४. पुढे पाहिले तर चार दिवसांत असे सहा वेळा झाले होते, की एकाच्या नावावर त्याच्या आधीच्या माणसाचे वजन चढले. हाताच्या चुकीतून सुटण्यासाठी जे बनवले त्याने हातापेक्षा मोठी चूक केली, आणि ती इतक्या शांतपणे केली की वही नसती तर कोणालाच कळले नसते.

रात्री बसून कारण शोधले. काटा न थांबता ओळी पाठवत असतो. प्रोग्राम खाते क्रमांकाची वाट पाहत थांबलेला असतो तेव्हाही त्या ओळी पोर्टच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठवणीच्या जागेत, साठत असतात. क्विकबेसिकचा बफर नेहमीच्या सेटिंगमध्ये ५१२ अक्षरांचा असतो. १८ अक्षरांची एक ओळ धरली तर तो २८ ओळींत, म्हणजे तीन सेकंदांच्या आत भरतो. भरल्यानंतर येणारी नवी अक्षरे वाया जातात आणि जुनी तशीच राहतात. आधीची नोंद झाली तेव्हा त्या शेतकऱ्याचे घड अजून काट्यावरच होते, त्यामुळे त्यानंतरचे ते तीन सेकंद म्हणजे त्याचेच वजन. नंतर घड उतरले, दुसऱ्याचे चढले, क्रमांक दाबला, आणि प्रोग्रामने बफरमधली सर्वांत जुनी ओळ उचलली. ती ओळ पूर्ण होती, १८ अक्षरांची होती, एसटीने सुरू होत होती. माझ्या सगळ्या तपासण्यांत ती उत्तीर्ण झाली, कारण ते वजन खरेच स्थिर होते. फक्त ते या माणसाचे नव्हते.

सहाच वेळा का, हेही समजले. बफर भरून वाहिला की क्विकबेसिक ६९ क्रमांकाची चूक दाखवतो. मार्चमध्ये प्रोग्राम मध्येच थांबू नये म्हणून मी कोणतीही चूक आली तर पोर्ट बंद करून पुन्हा उघडावे आणि पुढे जावे अशी सोय करून ठेवली होती. बहुतेक वेळा ती चूक येत होती, पोर्ट नव्याने उघडले जात होते आणि योगायोगाने जुन्या ओळी पुसल्या जात होत्या. क्रमांक लगबगीने दाबला गेला तेव्हा मात्र बफर भरण्यापूर्वीच जुनी ओळ उचलली जात होती. यंत्र ओरडून सांगत होते आणि मीच त्याचे तोंड बांधले होते. आधीच्या चाचणीत हे दिसले नाही, कारण तेव्हा मी एकच वजन ठेवून वारंवार नोंद घेत होतो. जुनी ओळ आणि नवी ओळ यांत फरकच नव्हता.

२० एप्रिल २०२५, रविवार

दुरुस्ती अशी केली आहे. क्रमांक दाबल्यावर बफरमध्ये जितकी अक्षरे असतील तितकी सगळी उचलून टाकायची. त्यानंतर पहिली ओळ अर्धवट असणार, म्हणून ओळ संपेपर्यंतची अक्षरेही टाकायची. मग लागोपाठ तीन ओळी स्थिर आणि एकसारख्या आल्या तरच वजन घ्यायचे. याला अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ लागतो. शिवाय दोन नोंदींच्या मध्ये काटा एकदा दोन किलोच्या खाली आलेला असला पाहिजे, नाहीतर प्रोग्राम पुढची नोंद घेणारच नाही. त्यासाठी क्रमांकाची वाट पाहतानासुद्धा पोर्ट वाचत राहावे लागते, म्हणून क्रमांक टंकण्याचा भाग नव्याने लिहिला. आता प्रत्येक कळ दाबल्यावर आणि दाबली नाही तरीही प्रोग्राम आधी पोर्टकडे पाहतो. चूक लपवणारी ती सोय काढून टाकली. चूक आली तर पडद्यावरचे काळे-पांढरे उलटे होते आणि नोंद होत नाही.

चाचणीची पद्धतही बदलली. नानांनी एकामागून एक वेगवेगळी वजने ठेवली, मी मुद्दाम कधी घाईने तर कधी दोन मिनिटे थांबून क्रमांक दाबले. पन्नास नोंदींपैकी पन्नासही जुळल्या.

२९ एप्रिल २०२५, मंगळवार

उद्या आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. मजूर दुपारीच गेले, सासुरवाशिणी माहेरी आल्यामुळे गावात झोके बांधले गेले आहेत आणि केंद्रावर शांतता आहे. गेल्या नऊ दिवसांचा ताळा घेतला. फाइल आणि वही यांत तीन ठिकाणी फरक आढळला. दोन ठिकाणी वहीत अंक उलटले होते आणि एका ठिकाणी पुकारलेला आकडा चुकीचा ऐकला गेला होता. तिन्ही वेळी काट्यावर माल असतानाच नानांनी पडद्यावर आकडा पुन्हा पाहून वही दुरुस्त केलेली आहे, म्हणून फाइल बरोबर हे खात्रीने म्हणता येते.

११ मे २०२५, रविवार

पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी पडदा काळवंडू लागला. उष्णतेने अशा पडद्यांचा गडदपणा वाढतो. कॉन्ट्रास्ट कमी केल्यावर अंक दिसू लागले. पामटॉप आता ओल्या गोणपाटाजवळ, पण त्याला न टेकता, एका लाकडी फळीवर ठेवतो. वीज गेली तरी काट्याला आतली ६ व्होल्टची बॅटरी आहे आणि पामटॉपला सेल आहेत, त्यामुळे या आठवड्यात वीज दोनदा गेली तरी वजन थांबले नाही. पोर्ट सतत उघडे असल्याने सेल लवकर संपतात, म्हणून पुन्हा भरता येणाऱ्या सेलच्या दोन जोड्या आळीपाळीने वापरतो आणि रोज सकाळी जोडी बदलतो, मग ती उतरलेली असो वा नसो.

नानांनी टेबल दाराकडे वळवून घेतले आहे. माल घेऊन आलेला माणूस आता काट्याचा लाल आकडा आणि पामटॉपचा काळा आकडा दोन्ही पाहूनच पुढे सरकतो. मागच्या वर्षी ज्यांचे १८ किलो चुकले होते ते बाबा काल आले होते. त्यांनी दोन्ही आकडे बोट ठेवून वाचले, जुळले तेव्हा मान हलवली आणि पावती न मोजता खिशात ठेवली. वडिलांच्या काळी सावदा स्थानकातून दिल्लीकडे केळीच्या वॅगनी जात, तेव्हा आमच्या घरीही रात्री कंदिलाखाली असाच पावत्यांचा मेळ घातला जाई, आणि तो न बसल्यास वडील जेवत नसत.

८ जून २०२५, रविवार

काट्याची दर १२ महिन्यांनी होणारी पडताळणी या आठवड्यात झाली. सील जसेच्या तसे होते, काटा प्रमाणित वजनांवर बरोबर निघाला आणि नवे मुद्रांकन झाले. पडताळणीच्या वेळी केबल काढून ठेवली होती. नंतर जोडून रिकामा काटा, २० किलो आणि सगळे अंक येतील अशी वजने पुन्हा तपासली.

पावसाळ्यासाठी दुसरी उलट केबल बनवून एका डब्यात ठेवली आहे. झाकणाच्या आतल्या बाजूस तिची जोडणी मराठीत लिहून चिकटवली: दोन तीनला, तीन दोनला, पाच पाचला; वेग २४००, सात बिट, सम पॅरिटी. एलएक्सची मूळ केबल मात्र एकच आहे. तिच्या दहा पिनांपैकी कोणती पिन नऊपैकी कोठे जाते हे पुढच्या रविवारी मीटरने मोजून त्याच झाकणावर लिहायचे आहे, म्हणजे तार तुटली तरी कनेक्टर वाचवून नवी तार जोडता येईल.